फॉरमॅटची घाई नको

संगणक सुरू केला की निळा पडदा येतो, यंत्र आपोआप बंद होते, पुन्हा सुरू होते आणि पुन्हा तेच. उदगीरच्या मोंढ्यात हमाली करणारा बाप पैसे साठवून लेकीसाठी जुना संगणक आणतो. ती त्यात जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका सारे स्कॅन करून ठेवते. आणि नेमके शिष्यवृत्तीचा अर्ज भरायच्या आठवड्यात यंत्र हटून बसते. दुकानात न्यावे तर उत्तर ठरलेले: "फॉरमॅट मारावे लागेल." वाचक बंधु-भगिनींनो, आमचे म्हणणे एवढेच की यावर लगेच मान डोलवू नका. फॉरमॅटमध्ये दाखलेही पुसले जातात.

दुरुस्तीची हत्यारे विंडोजच्या पोटातच असतात. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तरी हत्यारे त्यातही आहेतच. यंत्र सुरू होत असताना बटण दाबून धरून बंद करावे. असे दोन-तीनदा केले की दुरुस्तीचा पडदा येतो. तेथे ट्रबलशूट आणि मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जावे.

पण आधी दाखले बाहेर काढा! त्याच पडद्यावरच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये इंग्रजीत 'नोटपॅड' लिहून एंटर दाबावे, त्यातील फाइल-ओपनमध्ये 'ऑल फाइल्स' निवडावे. सगळ्या फायली दिसू लागतात. उजवे बटण दाबून त्या पेनड्राइव्हवर कॉपी करता येतात. येथे सी ड्राइव्ह कधी डी नावाने दिसतो, घाबरू नये. डिस्क टकटक वाजत असेल तर हे होईपर्यंत चेकडिस्क चालवूच नका. मरायला टेकलेल्या डिस्कला ती आणखी राबवते.

मग स्टार्टअप रिपेअर. अपडेटनंतर बिघाड झाला असेल तर अपडेट काढण्याची सोय शेजारीच आहे. तेही न जमल्यास स्टार्टअप सेटिंग्जमधून ४ दाबून सेफ मोड. त्यात यंत्र नीट चालले तर दोष बहुधा नव्या सॉफ्टवेअरचा किंवा ड्रायव्हरचा. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक असेच निळे पाडले. आपल्या देशात विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावे लागले. इलाज काय, तर सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल पुसणे! त्यातही अनेक यंत्रांनी बिटलॉकरची ४८ अंकी किल्ली मागितली आणि ती हाताशी नसलेले अडकले. नवा लॅपटॉप असेल तर ही किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून आजच वहीत उतरवून ठेवावी.

निळा पडदा कधीही, कुठल्याही कामात येत असेल तर संशय रॅमवर घ्यावा. विंडोज मेमरी डायग्नोस्टिक ती तपासते. वायर काढून, रॅमच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरने हलक्या हाताने पुसून पाहाव्यात. धुळीने असे होते, आणि खर्च शून्य.

एवढे करूनही दुकानात नेणे भाग पडले तर फायली कशात उतरवल्या, डिस्क तपासली का, हे विचारा. डिस्क बदलली तर जुनी मागून घ्या.