विकासाचे दोन रकाने

‘विकसनशील देशांच्या विकासावर परिणाम करणारे आर्थिक व सामाजिक घटक स्पष्ट करा.’ अर्थशास्त्राच्या पेपरात हा दहा मार्कांचा प्रश्न कधी ना कधी येतोच. उत्तरही ठरलेलं असतं. पानाच्या मधोमध रेघ मारायची. डावीकडे आर्थिक घटक: भांडवल, नैसर्गिक साधनसंपत्ती, तंत्रज्ञान, बाजारपेठ. उजवीकडे सामाजिक घटक: शिक्षण, आरोग्य, रूढी, स्त्रियांचं स्थान, जातिव्यवस्था. प्रत्येकावर दोन-दोन ओळी लिहिल्या की झालं.

माझी तक्रार त्या मधल्या रेघेबद्दल आहे. ती फक्त उत्तरपत्रिकेत असती तर मी हा लेख लिहिला नसता. पण ती आपल्या डोक्यातही असते आणि सरकारच्या अर्थसंकल्पातही असते. डावा रकाना म्हणजे ‘खरा’ विकास, आणि उजवा रकाना म्हणजे पैसा उरला तर करायची समाजसेवा, असं आपण मनाशी धरून चालतो. ‘आधी कारखाने येऊ देत, मग शाळा-दवाखान्यांचं बघू’ हे वाक्य आपण सगळ्यांनी घरात, कट्ट्यावर आणि निवडणुकीच्या सभेत ऐकलेलं आहे. मला हे वाक्य पटत नाही. का पटत नाही ते सांगायला मी आपल्याच शेजारच्या एका देशाचं उदाहरण घेतो. तो देश म्हणजे बांगलादेश.

१९७१ च्या डिसेंबरमध्ये हा देश स्वतंत्र झाला तेव्हा त्याच्या डाव्या रकान्यात लिहायला जवळजवळ काहीच नव्हतं. वर्षभर आधीच्या चक्रीवादळात तीन ते पाच लाख माणसं गेली असा अंदाज आहे. त्यानंतर युद्ध, आणि १९७४ मध्ये दुष्काळ. निर्यातीचं मुख्य पीक ताग, त्याचीही मागणी प्लॅस्टिकमुळे घसरत चाललेली. नव्या देशाला कायम दुसऱ्यांच्या मदतीवरच जगावं लागेल, असं वॉशिंग्टनमध्ये उघड बोललं जात होतं. सरासरी एका बाईला जवळपास सात मुलं होत होती, आणि जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी सुमारे २२० मुलं पाचवा वाढदिवस बघत नव्हती.

आज तिथे दर हजारी हा बालमृत्यू तीसच्या आसपास आहे. एका बाईला सरासरी दोनच्या आसपास मुलं होतात. सरासरी आयुष्य सत्तरीच्या पुढे गेलं आहे. दरडोई उत्पन्नात हा देश आपल्या मागे असतानाच यातल्या काही गोष्टींत आपल्या पुढे गेला होता. अमर्त्य सेन आणि ज्याँ द्रेझ यांनी २०१३ च्या आपल्या पुस्तकात हीच गोष्ट भारतीय वाचकांपुढे ठेवली होती. पैसा कमी, तरी तब्येत बरी, हे कसं झालं?

सुरुवात एका अगदी साध्या गोष्टीपासून करू. हगवणीने मुलं मरत होती. मीठ, साखर आणि पाणी योग्य प्रमाणात पाजलं तर मूल वाचतं, हे डॉक्टरांना कळलेलं होतं. पण खेड्यातल्या आईपर्यंत ते न्यायचं कोणी? १९७२ मध्ये फझले हसन आबेद यांनी सुरू केलेल्या ‘ब्रॅक’ या संस्थेने १९८० ते १९९० या दहा वर्षांत घरोघरी बायका पाठवल्या. त्यांनी सव्वा कोटीच्या आसपास घरांत जाऊन आयांना समोर बसवून शिकवलं: तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट पगाराची आहे. किती घरं फिरलात यावर पगार नव्हता. काही दिवसांनी तपासनीस जाऊन त्या आयांना विचारायचे, आणि त्यांना किती लक्षात राहिलंय त्यावर शिकवणारीचा पगार ठरायचा. (आपल्याकडे असं केलं तर किती प्राध्यापकांच्या खिशाला कात्री लागेल, हा विचार मी इथेच थांबवतो.)

आता सांगा, हा कार्यक्रम कुठल्या रकान्यात घालायचा? आरोग्य म्हणून उजवीकडे? पण त्यातून हजारो बायकांना रोख पगार मिळाला. सरकारच्या कुटुंबनियोजन खात्यातही गावोगाव बायकाच नेमल्या गेल्या. ज्या समाजात परक्या पुरुषासमोर येणंही बाईला कठीण होतं, तिथे खांद्याला पिशवी लावून पगारी बाई रस्त्याने चालताना रोज दिसू लागली. गावाने आधी नावं ठेवली असणारच. पण रोज दिसणाऱ्या गोष्टीला कोणी फार दिवस नावं ठेवत नाही.

दुसरीकडे डाव्या रकान्यातली गोष्ट घडत होती. श्रीमंत देशांनी १९७४ पासून कपड्यांच्या आयातीवर देशवार कोटा लावला होता. दक्षिण कोरियासारख्या देशांचा कोटा भरत आला, बांगलादेशावर मात्र तेव्हा बंधन नव्हतं. १९७९ मध्ये ‘देश गारमेंट्स’ या कंपनीने सुमारे १३० जणांना कोरियातल्या देवू कंपनीकडे शिकायला पाठवलं. ते परत आले, आणि पुढच्या काही वर्षांत त्यातले बहुतेक जण ती कंपनी सोडून स्वतःच्या किंवा दुसऱ्यांच्या कारखान्यांत गेले. कंपनीचं नुकसान झालं, पण देशाचा धंदा उभा राहिला. सरकारनेही दोन गोष्टी केल्या. निर्यातीसाठी लागणारं कापड जकात न भरता आणायची मुभा दिली, आणि परदेशी ऑर्डरच्या कागदावर बँकेकडून कच्च्या मालाचं कर्ज मिळायची सोय केली. म्हणजे हातात भांडवल नसलेला माणूसही कारखाना काढू शकला. आज त्या देशाच्या निर्यातीत ८० टक्क्यांहून जास्त वाटा तयार कपड्यांचा आहे, आणि सुमारे चाळीस लाख लोक त्या धंद्यात आहेत. त्यात बायकांची संख्या निम्म्याहून जास्त.

‘आधी कारखाने’ म्हणणारे इथे टाळी वाजवतील. पण जरा थांबा. त्या कारखान्यांत शिवणकामाला बसलं कोण? सात मुलांची आई बसू शकली असती का? मुली एकट्या शहरात जाऊन राहतात ही कल्पनाच ज्या गावाला सहन होत नाही, तिथून लाखो मुली ढाक्याला आल्या असत्या का? माझं मत असं, की पिशवी घेऊन फिरणाऱ्या बाईने जो रस्ता रुळवला, त्याच रस्त्याने पुढे मुली कारखान्यात गेल्या.

आणि रस्ता उलट्या दिशेनेही चालला. रेचल हीथ आणि अहमद मुश्फिक मोबारक या दोन अर्थतज्ज्ञांनी कारखान्यांजवळची गावं आणि दूरची गावं यांची तुलना केली. जवळच्या गावांत मुली जास्त वर्षं शाळेत राहिल्या, लग्नं उशिरा झाली, मुलं उशिरा झाली. कारण कारखान्यात मोजता-वाचता येणाऱ्या मुलीला जास्त पगार. बापाच्या लक्षात आलं की मुलीची शाळा म्हणजे वाया जाणारा खर्च नव्हे. सरकारने १९९४ पासून ग्रामीण भागातल्या माध्यमिक शाळेतल्या मुलींना विद्यावेतन दिलं होतं. अटी तीन: ७५ टक्के हजेरी, ४५ टक्के मार्क, आणि अठरा वर्षांपर्यंत लग्न करायचं नाही. या दोन अर्थतज्ज्ञांच्या मते मुलींच्या शिक्षणावर विद्यावेतनापेक्षा कारखान्यांचा परिणाम मोठा होता.

म्हणजे ‘आधी समाज सुधारू, मग पैसा आपोआप येईल’ म्हणणाऱ्या आमच्या दुसऱ्या मित्रांनाही पुरती टाळी मिळत नाही. शाळेने कारखान्याला कामगार दिले, कारखान्याने शाळेला मुली दिल्या. रेघ कुठे मारणार?

सूक्ष्म कर्जाबद्दल थोडक्यात. मुहम्मद युनूस आणि ग्रामीण बँक यांना २००६ चं शांततेचं नोबेल मिळालं, आणि बांगलादेशाचं सगळं श्रेय लोक तिथेच देऊन मोकळे होतात. पण नुसतं कर्ज दिल्याने काय होतं याची नीट तपासणी आपल्या हैदराबादमध्येच झाली. अभिजित बॅनर्जी, एस्तर दुफ्लो आणि सहकाऱ्यांना दिसलं, की छोटे धंदे थोडे वाढले, पण आरोग्य, मुलांचं शिक्षण किंवा घरातला बाईचा अधिकार यांत म्हणावा असा फरक पडला नाही. एक गोळी घेऊन सगळे आजार बरे होत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

आता या कथेची दुसरी बाजू. ती लपवली तर हा लेख जाहिरात होईल.

२४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळच्या सावर इथे राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली. ११०० हून जास्त माणसं मेली, बहुतेक कपडे शिवणारी. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते. खालची बँक आणि दुकानं दुसऱ्या दिवशी बंद राहिली. वरच्या मजल्यांवरच्या शिवणाऱ्यांना मात्र कामावर बोलावलं गेलं. तडे सगळ्यांना सारखेच दिसत होते. ‘मी आज आत जाणार नाही’ म्हणायची ताकद मात्र सगळ्यांकडे सारखी नव्हती. मजबूत संघटना असती तर त्या बायका रस्त्यावर उभ्या राहिल्या असत्या आणि जिवंत राहिल्या असत्या. त्यानंतर परदेशी कंपन्या आणि कामगार संघटना यांच्यात बंधनकारक करार झाला, इमारती तपासल्या गेल्या, सुरक्षितता सुधारली. पण त्यासाठी एवढी माणसं मरावी लागली.

याच देशात आजही जवळपास निम्म्या मुलींचं लग्न अठराच्या आत होतं. आणि २०२४ मध्ये काय झालं ते आपण मोबाईलवर पाहिलंच. सरकारी नोकऱ्यांतल्या आरक्षणावरून विद्यार्थी रस्त्यावर आले, गोळीबार झाला, शेकडो जीव गेले, आणि ५ ऑगस्टला शेख हसीना देश सोडून गेल्या. आपल्याच वयाची ही मुलं. पहिल्या पिढीला शिलाई मशीन मिळाली. तिच्या मुलाने पदवी घेतली, पण पदवीला शोभेल अशी नोकरी नव्हती, आणि तक्रार ऐकून घेणारं कोणी नव्हतं. उत्पन्नाचा आलेख वर चाललेला असताना हे घडलं. आपलं म्हणणं मांडता येणं आणि ते ऐकलं जाणं, हा घटक आपण दोन्हीपैकी एकाही रकान्यात लिहीत नाही. माझ्या मते तो नसेल तर बाकीचे घटक कधी ना कधी राणा प्लाझासारखे खाली येतात.

हे सगळं बेळगावच्या मुलाने का लिहावं? कारण रेघ इथेही आहे.

११ जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना सरकारी साध्या बसमधून मोफत प्रवास आहे. त्यावरचे विनोद तुम्हीही फॉरवर्ड केले असतील. ‘बायका फुकट फिरायला लागल्या’, ‘आम्हाला बसायला जागा नाही.’ योजनेच्या खर्चाबद्दल जरूर वाद घाला, बस कमी आहेत ही तक्रारही रास्त आहे. पण खानापूरकडून किंवा हुक्केरीकडून रोज येणाऱ्या आपल्या वर्गमैत्रिणींना एकदा विचारा. ज्या घरात एकाच पासाचे पैसे निघतात, तिथे तो पास आजवर कुणाचा निघत होता, मुलाचा की मुलीचा? ही बस म्हणजे नुसती खैरात, असं म्हणणाऱ्यांनी चिमूटभर मिठाची गोष्ट पुन्हा वाचावी.

त्याच वेळी मी बसवर खूश होऊन थांबणारा नाही. बस मुलीला कॉलेजपर्यंत आणते, पुढे काय? तिला पगार देणारं काम बेळगावात किती आहे? वडगाव-शहापूरच्या यंत्रमागांच्या घरांत बायका दिवसभर कांड्या भरतात. साडी विणणाऱ्याची मजुरी मोजली जाते, कांड्या भरणारीचे हात मात्र ‘घरकामात’ जमा होतात. तिचं काम डाव्या रकान्यात नाही, कारण पगार नाही. उजव्यातही नाही, कारण त्याला कोणी सुधारणा म्हणत नाही. ती थेट रेघेवर बसलेली आहे.

म्हणून पुढच्या वेळी कोणी नेता ‘विकास आणतो’ म्हणाला की आपण त्याला तीन साधे प्रश्न एकत्र विचारावेत. इथे बाईला कामावर जायला सुरक्षित वाट आहे का? गेल्यावर तिच्या नावावर पगार आहे का? आणि भिंतीला तडा दिसला तर ‘आत जाणार नाही’ म्हणायची मुभा तिला आहे का? तिन्हींना ‘हो’ असेल तर कारखाना आधी की शाळा आधी, हा वाद मी आनंदाने सोडून देईन. एकालाही ‘नाही’ असेल, तर दरडोई उत्पन्नाचा आकडा कितीही मोठा सांगा, मी त्याला विकास म्हणणार नाही.