एका घरातून चौघे

अमेरिकेत युटा राज्यात थॅचर हे खेडे. तिथल्या बोर्गस्ट्रॉम या शेतकरी कुटुंबाची चार पोरे १९४४ साली, मार्च ते ऑगस्ट या सहा महिन्यांत, महायुद्धात गेली. दोघे तर जुळे. पाचवाही फौजेतच होता. भाऊ गेल्यावर सरकारने त्याला घरी धाडले. १९४८ च्या जूनमध्ये चौघांना एकत्र मूठमाती दिली, तेव्हा जनरल मार्क क्लार्क हजर होते. मान दिला, द्यायलाच हवा. पण वावरातले हात कमी झाले ते झालेच.

आपल्याकडे शास्त्रीजींनी १९६५ साली जवान-किसान दोघांचा जयजयकार केला. घर बहुधा एकच असते! २०२२ पूर्वी भरती झालेल्या पोराची पेन्शन ठरलेली, बापाच्या कांद्याचा भाव मात्र लिलावावर. मेळाव्याला येताना गावातल्या अशा घरांची यादी आणा : फौजेत किती, डोक्यावर कर्ज किती.