मावशीच्या वह्या

गेल्या महिन्यात हैदराबादला जाणे झाले. निमित्त काही आनंदाचे नव्हते. माझी मावशी गेल्या वर्षी वारली आणि तिचे काचीगुड्याचे घर आता रिकामे करायचे होते. मावसभावाचा फोन आला, "कोणाला काही हवे असेल तर येऊन घेऊन जा, मागाहून बोल लावू नका." आम्ही तिघे भाचे गेलो. एकाने तांब्याचा बंब घेतला, एकाने पाट घेतले. मी विचारले, "मावशीच्या चित्रांच्या वह्या कुठे आहेत?" भाऊ जरा गडबडला. वह्या एकूण नऊ होत्या. त्यांतल्या सहा आदल्याच आठवड्यात जुन्या मासिकांबरोबर रद्दीत गेल्या होत्या. तीन राहिल्या, त्याही कपाटाच्या खणात तळाला अंथरल्या होत्या म्हणून.

भावाला मी काही बोललो नाही. बोलण्याचा अधिकार मला का नाही, ते पुढे सांगतोच.

मावशी फोंड्याकडची. गोवा मुक्त झाला त्याच्या दुसऱ्या वर्षी लग्न होऊन ती हैदराबादला गेली. तिथला मराठी समाज जुना. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता, आणि 'विवेकवर्धिनी'सारखी संस्था तिथे १९०७ पासून उभी आहे. त्यामुळे भाषेवाचून तिचे काही अडले नाही. अडले ते चवथीला. सासरी गणपती आणण्याची रीत नव्हती. आमच्या आजोळी कागदावर काढलेला गणपती पुजत. गोव्यातल्या काही घराण्यांत अजूनही तो पुजतात. पोर्तुगीज अमलात मूर्ती आणणे धोक्याचे होते, तेव्हा पत्रीचा किंवा कागदाचा गणपती आला, असे आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत. मावशीने हीच गोष्ट हैदराबादला नेली. दर चवथीला ती वहीच्या एका पानावर गणपती काढायची. वर माटोळी, माटोळीला नारळ, सुपारीचा घोस, आंबाडे, तोरिंगे, चिबूड. जे त्या बाजारात मिळत नसे ते सगळे पेन्सिलीने टांगायचे! खाली साल लिहायचे आणि पानाला हळद-कुंकू लावायचे. उरलेल्या वह्यांतल्या काही पानांवर ते डाग अजून आहेत.

बाकीच्या पानांवर घरची माणसे. माझी आजी विळीवर बसून नारळ खवते आहे, काका पेपर वाचता वाचता पेंगले आहेत, भाऊ पाटीवर गिरवतो आहे. आणि तिसरा विषय सिनेमा. 'मायाबाजार' हा तेलुगू चित्रपट १९५७ चा, पण तो तिकडे पुन्हा पुन्हा लागत असे. मावशीला तेव्हा तेलुगू येत नव्हते, पण गोष्ट सगळी कळली. का, तर आपल्याकडे जिला वत्सला किंवा सुरेखा म्हणतात तीच तेलुगूत शशिरेखा. ते नाटक तिने लहानपणी देवळाच्या मांडात पाहिले होते. त्यात एन. टी. रामाराव कृष्ण झाले होते, आणि आंध्रात कित्येकांच्या घरी देवाच्या तसबिरींत त्यांचा तो फोटो लागला. मावशीच्या वहीतला कृष्णही हुबेहूब रामाराव आहे. फक्त चित्रपट कृष्णधवल होता आणि मावशीने खडूने पितांबर पिवळाधमक केला. त्या चित्रपटाची रंगीत आवृत्ती २०१० साली निघाली. मावशीने ते काम आधीच उरकले होते म्हणायचे!

आता माझा अपराध. पंचवीसेक वर्षांपूर्वी मी हैदराबादला गेलो होतो. नुकताच लिहू लागलो होतो, चित्रकलेवर चार पुस्तके वाचली होती, त्यामुळे मला सगळेच कळत होते. मावशीने या वह्या मला दाखवल्या आणि विचारले, "कशें जालां रे?" मी म्हटले, "छान आहेत, पण ही देवी मुळगावकरांची आहे ना? कॅलेंडरवरून काढलेली?" ती म्हणाली, "हय, तांचीच." वही मिटली. नंतर मी तीन-चार वेळा तिच्याकडे गेलो, पण वह्यांचे नाव तिने काढले नाही आणि मीही विचारले नाही. भावाने वह्या रद्दीत घातल्या हे खरे, पण त्या रद्दी आहेत हे मी आधीच ठरवून टाकले होते.

'कॅलेंडरछाप' हा शब्द आपण फार सहज वापरतो. देव, घरची माणसे, सिनेमा, एवढेच काढणारा माणूस म्हणजे हौशी, आणि हौशी म्हणजे कच्चा, असा एक हिशेब आपल्या मनात असतो. मला हा हिशेब आता चुकीचा वाटतो. आणि तो चुकीचा आहे हे पटवून द्यायला हैदराबादच पुरेसे आहे.

मकबूल फिदा हुसेन यांचेच घ्या. जन्म पंढरपूरचा, १९१५ चा. आई ते अगदी लहान असताना गेली, तिचा चेहरा त्यांना आठवत नसे आणि घरात फोटोही नव्हता. तरुणपणी मुंबईत त्यांनी सिनेमाची होर्डिंगे रंगवली. पुढे नाव झाल्यावर राममनोहर लोहियांनी त्यांना सुचवले की, श्रीमंतांच्या दिवाणखान्यातून बाहेर पड आणि रामायण रंगव. हुसेनांनी ते मनावर घेतले. हैदराबादेत बद्रीविशाल पित्ती यांच्या आश्रयाने त्यांनी रामायणाची चित्रे केली आणि ती आसपासच्या खेड्यांतल्या लोकांपुढे नेली. याच शहरात त्यांनी 'सिनेमाघर' नावाचे संग्रहालय काढले होते. माधुरी दीक्षितला घेऊन त्यांनी केलेला 'गजगामिनी' २००० साली पडद्यावर आला. त्यांच्या देवतांच्या काही चित्रांवरून पुढे मोठे वादळ उठले, ते देश सोडून गेले आणि २०११ साली लंडनमध्ये वारले. त्या वादात मी इथे शिरत नाही. मला एवढेच म्हणायचे आहे की, रामायण, न आठवणारी आई आणि माधुरी हे तीन विषय पाहा. विश्वास, घर आणि सिनेमा! माझी मावशी काचीगुड्याला स्वयंपाकघरातल्या स्टुलावर वही ठेवून काढत होती तेच विषय. हुसेनांची रेघ आणि मावशीची रेघ यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हे सांगायला समीक्षक नको. पण विषय हलका, असे मात्र कोणी म्हणू नये.

आणि ज्या कॅलेंडराला मी नाक मुरडले, ते तरी कोणाचे? रघुवीर मुळगावकर आपले, गोव्याचे. दीनानाथ दलाल मडगावचे. घरोघरी भिंतीवर आणि दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवर या दोघांची चित्रे होती. हैदराबादच्या मराठी घरांतही दिवाळी अंक येत, वाचनालयातून फिरत. मावशीने गावची शांतादुर्गा काढायला मुळगावकरांची देवी समोर ठेवली, कारण माहेरची एवढीच वस्तू तिला त्या गावात भिंतीवर सापडली. आता वही नीट पाहिली तेव्हा लक्षात आले की देवीचा मुखवळा मुळगावकरांचा आहे, पण नाकातली नथ माझ्या आजीची आहे. मोत्यांच्या मधला तो एक हिरवा खडासुद्धा तिने सोडलेला नाही. पंचवीस वर्षांपूर्वी हे मला दिसले नव्हते. मला फक्त नक्कल दिसली होती.

तुम्ही म्हणाल, मावशीच्या प्रेमापोटी हा माणूस वाटेल ते लिहितो आहे. प्रत्येक घरातली प्रत्येक वही काय संग्रहालयात ठेवायची? मुळीच नाही. या वह्यांतली बरीच चित्रे फसलेली आहेत. मावशीला हात काढता येत नसत, म्हणून तिची माणसे हात पदराआड किंवा पाठीमागे लपवतात. काकांचा पेपर काकांपेक्षा मोठा झाला आहे. मी याला थोर कला म्हणत नाही. पण एखाद्या घराने कशावर जीव लावला, कोणाची वाट पाहिली, कुठला सिनेमा डोक्यावर घेतला, हे जाणून घ्यायला दुसरा कुठला कागद आहे आपल्याकडे? फोटोत माणसे सावध होऊन उभी राहतात. विळीवर बसलेल्या आजीचा आमच्याकडे एकही फोटो नाही. ती फक्त या वहीत आहे.

गोव्याला तर हे समजायला दूर जायला नको. मारिओ मिरांडा लोटलीच्या घरी लहानपणी भिंतींवर चित्रे काढत, तेव्हा त्यांच्या आईने त्यांना कोरी वही आणून दिली. चित्रकलेचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतले नाही. पुढे कित्येक वर्षे ते रोजनिशी चित्रांत लिहीत राहिले. घर, गाव, पाद्री, लग्ने, मित्र. मारिओ पुढे मोठे झाले, म्हणून त्या रोजनिशा जपल्या गेल्या आणि १९५१ सालची पुस्तकरूपाने छापलीही गेली. ती चाळताना मला प्रश्न पडतो की, त्या आईने वहीऐवजी धपाटा दिला असता तर? आणि मारिओ मोठे झालेच नसते, कुठेतरी कारकून म्हणून निवृत्त झाले असते, तर त्या रोजनिशांतला गोवा काही खोटा ठरला असता का?

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. तुमच्या घरात चित्रे काढणारे कोणीतरी असेलच. एखादी आत्या, एखादे निवृत्त मास्तर, एखादा भाचा जो एका पानावर साईबाबा आणि दुसऱ्या पानावर रजनीकांत काढतो. त्यांना लगेच क्लास लावू नका, स्पर्धेत ढकलू नका, आणि 'कशावरून काढलेस?' हा प्रश्न पहिला विचारू नका. 'हे कोण?' असे विचारा. मग ते बोलू लागतील, आणि जे बोलतील ते पानामागे लिहून ठेवा. नाव, गाव, साल. चित्र काढणारा गेल्यावर हे कोणालाही सांगता येत नाही.

मी हे अनुभवाने सांगतो. उरलेल्या तीन वह्यांत एका बाईचे चित्र पाच वेळा आले आहे. कपाळावर मोठे कुंकू, खांद्यावर शाल, दारात उभी. आम्ही तिघे भाचे आणि भाऊ, कोणालाच ती ओळखता आली नाही. आजीसारखी नाही, मावशीच्या सासूसारखीही नाही. शेजारीण असेल, बाळपणची मैत्रीण असेल किंवा कुठल्या तेलुगू चित्रपटातली आई असेल. सांगणारी वही मिटून गेली.

वह्या आता माझ्याकडे पणजीला आहेत. यंदाच्या चवथीला त्यांतले एक गणपतीचे पान आमच्या माटोळीखाली ठेवायचे ठरवले आहे. भटजी काय म्हणतील ते पाहू.