इंजिन ऑईल: रंगाचा भ्रम आणि तासांचा हिशेब

इंजिन ऑईलबद्दल ऊसपट्ट्यात काही मते घट्ट बसलेली आहेत. ऑईल काळे पडले की बदलावे. जुन्या इंजिनाला जाड ऑईल घालावे. कारखान्याची मोळी पडण्याआधी एकदा बदलले की हंगाम निघतो, मध्ये कमी होईल तेवढे वरून टाकत राहावे. नीरा आणि भीमा यांच्यामधल्या बावडा परिसरातून शहाजीनगर, बिजवडी किंवा नीरेपलीकडच्या अकलूजच्या कारखान्याकडे दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरला या मतांचा फटका सर्वांत जास्त बसतो. मते अनुभवातून आलेली असल्यामुळे ती नुसती झटकून टाकता येत नाहीत. प्रत्येकामागचे कारण तपासावे लागते.

पहिले मत रंगाचे. डिझेल इंजिनात इंधन जळताना काजळी तयार होते आणि तिचा काही भाग पिस्टनच्या रिंगांवरून खाली उतरून ऑईलमध्ये मिसळतो. आधुनिक ऑईलमध्ये धुणारी आणि कण सुटे ठेवणारी रसायने मुद्दाम घातलेली असतात. ती काजळीचे अतिसूक्ष्म कण ऑईलमध्येच तरंगत ठेवतात, त्यांचा गाळ होऊ देत नाहीत. त्यामुळे नवे ऑईल घातल्यावर काही तासांतच पातळी मोजायच्या कांडीवर ते काळे दिसते. हा त्याचा दोष नसून ते काम करत असल्याची खूण आहे. उलट अंगाने पाहिले तर हा भ्रम अधिक घातक ठरतो. पेट्रोल इंजिनातले ऑईल बराच काळ मधाळ रंगाचे राहते, म्हणून ते चांगलेच आहे असे मानले जाते. प्रत्यक्षात त्यातली आम्ल मारणारी रसायने संपलेली असू शकतात आणि शेतातल्या मातीचे डोळ्यांना न दिसणारे कण त्यात असू शकतात. बोटांवर चोळूनही हे कळत नाही. तिथे चाचणी करणारी प्रयोगशाळाच लागते. ज्याला ती परवडत नाही, त्याने रंगावर विसंबणे सोडून द्यावे.

मग आधार कशाचा? ट्रॅक्टरला किलोमीटरचा नव्हे, तासांचा. ऊस भरून खालच्या गिअरमध्ये चढ चढताना किलोमीटर थोडे होतात आणि इंजिन मात्र पूर्ण ताकदीने चालते. अनेक ट्रॅक्टरांच्या पुस्तिकेत 250 तासांचे अंतर दिलेले असते. काही नव्या मॉडेलांना योग्य प्रतीच्या ऑईलवर याहून अधिक मुदत असते. नव्या ट्रॅक्टरचे पहिले ऑईल मात्र पुष्कळ कंपन्या 50 तासांनी काढायला सांगतात, कारण नवे भाग एकमेकांवर बसताना धातूचे कण सुटतात.

आता हंगामाचा हिशेब मांडू. गाळप 120 दिवस चालले आणि मीटरवर रोज सरासरी 6 तास पडले, तर 720 तास होतात. 250 तासांच्या मुदतीने मोळीआधीच्या बदलानंतर दोन बदल हंगामातच येतात आणि तिसरा पट्टा पडता पडता, म्हणजे गाळप संपता संपता. एकाच बदलावर हंगाम काढणाऱ्या ट्रॅक्टरचे ऑईल मुदतीच्या जवळजवळ तिप्पट वापरले जाते. यावर उत्तर दिले जाते की ट्रॅक्टर निम्मा वेळ कारखान्याच्या यार्डात नंबर लावून उभा असतो. खरे आहे, पण इंजिन बंद असताना मीटर पडतच नाही. तो वेळ या 6 तासांत धरलेला नाही. जुन्या यांत्रिक मीटरवर तर ठराविक फेऱ्या पूर्ण झाल्यावरच एक तास पुढे सरकतो, म्हणून इंजिन नुसते घुरघुरत ठेवल्यास मीटरचा तास घड्याळाच्या तासापेक्षा लांब असतो. मीटर बंद पडलेल्या ट्रॅक्टरला हिशेबच उरत नाही. तो आधी दुरुस्त करून घ्यावा. बदलाची तारीख आणि मीटरचा आकडा टूलबॉक्समधल्या वहीत लिहून ठेवला, की मालक आणि चालक वेगळे असले तरी वाद होत नाही.

वरून टाकत राहणे हा बदलाला पर्याय नाही. नव्या लिटरभर ऑईलने पातळी भरते, रसायनांची थोडी भर पडते. पण सहा-सात लिटरमध्ये साचलेली काजळी, माती आणि धातूची पूड तशीच राहते.

250 तासांच्या मुदतीलाही दुसऱ्या बाजूने प्रश्न विचारला पाहिजे. काही जुने मेस्त्री आजही 100 तासांचा आग्रह धरतात. त्यामागे एके काळी सबळ कारण होते. डिझेलमधल्या गंधकापासून आम्ल तयार होते आणि ते मारण्यात ऑईलची ताकद खर्ची पडते. भारत स्टेज-3 च्या डिझेलमध्ये दशलक्ष भागांत 350 भागांपर्यंत गंधक चालत असे. स्टेज-4 मध्ये ही मर्यादा 50 वर आली आणि 1 एप्रिल 2020 पासून देशभर 10 भागांचे डिझेल मिळू लागले. इंधन बदलले, ऑईल सुधारले, आकडा मात्र जुनाच राहिला. निरोगी इंजिनाचे चांगले ऑईल 100 तासांना ओतून देणे हा निव्वळ खर्च आहे. तिप्पट ताणणे आणि अडीचपट घाई करणे, दोन्ही चुका एकाच जागी जन्मतात: पुस्तिका न उघडण्यात.

एक शत्रू मात्र पुस्तिकेतली मुदतही कमी करायला लावतो, तो म्हणजे फुफाटा. पाणंद रस्त्यावरून भरलेल्या ट्रॉल्या जातात तेव्हा ट्रॅक्टर धुळीच्या लोटातून चालतो. मातीतले वाळूचे कण लायनर आणि रिंगा घासतात, मग ऑईलमध्ये उतरून बेअरिंग खातात. म्हणून ऑईलचे आयुष्य एअर फिल्टरवर ठरते, हे या भागात ठासून सांगायला हवे. ट्रॅक्टरला तैलस्नानी (ऑईल बाथ) एअर क्लीनर असेल, तर धुळीच्या दिवसांत त्याची वाटी रोज पाहावी, तळाचा गाळ काढावा आणि खुणेपर्यंतच नवे ऑईल भरावे. खुणेच्या वर भरल्यास इंजिन ते ओढून घेते. कोरडा कागदी फिल्टर मात्र रोज उघडणे चुकीचे. प्रत्येक उघडझाकीत थोडी धूळ आत जाते. अडथळा दाखवणारा निर्देशक लाल झाला की हात लावावा. टायरला हवा भरण्याच्या दाबाने बाहेरून फुंकर मारल्यास माती कागदात रुतते किंवा कागद फाटतो. फाटका फिल्टर घाणेरड्या फिल्टरपेक्षा वाईट.

ऑईल फिल्टरबद्दल ‘एक आड एक’ बदलण्याची काटकसर सर्रास केली जाते. फिल्टर तुंबला तर इंजिन उपाशी राहू नये म्हणून बगल-झडप उघडते आणि न गाळलेले ऑईल थेट बेअरिंगला जाते. चालकाला याची काहीच खूण मिळत नाही, दाबाचा दिवा पेटत नाही. शिवाय जुन्या फिल्टरमध्ये उरलेले घाण ऑईल नव्यात मिसळते. पुस्तिकेने वेगळे सांगितले नसेल, तर ऑईलबरोबर फिल्टर बदलावाच. डिझेल फिल्टरची मुदत वेगळी असते, आणि त्यातले पाणी मधूनमधून काढावे लागते.

जाड ऑईलच्या समजुतीत अर्धे सत्य आहे. झिजलेल्या इंजिनात जाड ऑईलने आवाज दबतो, दाबाचा काटा वर जातो, धूर काही दिवस कमी होतो. झीज मात्र भरून येत नाही. ते काम रिंगा आणि लायनरचे आहे. शिवाय दाब वाढला म्हणजे प्रवाह वाढला असे नाही. सकाळी थंड इंजिन सुरू होताना जाड ऑईल वरच्या भागांपर्यंत उशिरा पोहोचते. 15डब्ल्यू-40 आणि 20डब्ल्यू-40 यांत डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतले वाहणे सांगतो; पुढचा 40 तापल्यावरचा दाटपणा सांगतो आणि 100 अंश सेल्सिअसला तो दोन्हींचा 12.5 ते 16.3 सेंटिस्टोकच्या पट्ट्यात असतो. 20डब्ल्यूची थंडीतली परीक्षा उणे 15 अंशांवर होते. या भागातली थंडी तिच्या जवळपासही जात नाही, तेव्हा पुस्तिकेने 20डब्ल्यू-40 मान्य केले असेल तर ते निःशंक वापरावे. मान्य नसेल तर हवामानाचा हवाला देऊन बदलू नये.

दाटपणाइतकीच महत्त्वाची अक्षरे डब्यावर असतात. एपीआयच्या खुणेत ‘सी’ डिझेलसाठी, ‘एस’ पेट्रोलसाठी. सीएफ-4 ही 1990 च्या सुमाराची प्रत, सीएच-4 ही 1998 ची, सीआय-4 ही 2002 ची, सीके-4 ही 2016 ची. पुढची प्रत सहसा मागच्या इंजिनाला चालते. उलटे चालत नाही. काजळीची जाळी बसवलेल्या बीएस-6 डिझेल गाडीला कमी राखेचेच ऑईल हवे, नाहीतर धातूयुक्त रसायनांची राख जाळीत साचते.

मोटरसायकलला ट्रॅक्टरचे उरलेले ऑईल घालणे ही वेगळी चूक. बहुतेक मोटरसायकलींचा क्लच इंजिन ऑईलमध्येच बुडालेला असतो, म्हणून डब्यावर जासो एमए किंवा एमए2 ही खूण पाहावी. सकाळ-संध्याकाळ डेअरीवर दूध घालायला दोन किलोमीटर जाणारी मोटरसायकल पुरती तापतच नाही. ज्वलनातून आलेले पाणी आणि इंधन ऑईलमध्ये साठते. तिचे किलोमीटर भरले नाहीत तरी सांगितलेल्या महिन्यांनी ऑईल काढावे.

हाच नियम पावसाळ्यात उभ्या राहणाऱ्या ट्रॅक्टरला लागू होतो. मोळीआधी बदल करण्याची रीत इथे उलटी पडते. पट्टा पडल्यावर जुने, आम्लयुक्त ऑईल चार-पाच महिने बेअरिंगवर ठेवण्याऐवजी तेव्हाच इंजिन गरम असताना काढून नवे भरावे.

काही खुणा दिसल्या तर मुदत पाहत बसू नये. ऑईल दुधट झाले तर पाणी शिरले आहे. कांडीवरची पातळी आपोआप वाढत असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर फीड पंप किंवा इंजेक्टरमधून डिझेल उतरत आहे. अशा वेळी आधी बिघाड शोधावा, मग ऑईल बदलावे. नुसते ऑईल बदलल्याने काही तासांत तेच होते.

काढलेले ऑईल 2016 च्या घातक कचरा नियमांखाली येते. ते चारीत, कालव्यात किंवा गॅरेजमागच्या मातीत ओतू नये. झाकणबंद कॅनमध्ये, पाणी किंवा डिझेल न मिसळता साठवलेले ऑईल अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याला देता येते आणि त्यापासून पुन्हा मूळ तेल काढता येते. जुना फिल्टरही उलटा ठेवून त्याच कॅनमध्ये निथळून घ्यावा.