फॉरमॅटची घाई नको

शांती नगरातल्या आमच्या शेजारच्या खालांचा लॅपटॉप बंद पडला. उबुंटू अपडेट होत असताना मुलाने बटण दाबून तो बंद केला होता. दुकानदार म्हणाला, "फॉरमॅट मारावा लागेल." आत मरहूम खालूंचे फोटो. खाला रडकुंडीला आल्या.

कर्नल म्हणजे यंत्र आणि त्यावरचे प्रोग्राम यांना जोडणारा गाभा. तो अर्धवट बसला तर लॅपटॉप सुरू होत नाही. आपल्या फाइली मात्र बहुधा शाबूत असतात. उबुंटू सहसा जुना कर्नलही राखून ठेवते. लॅपटॉप सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबा आणि ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून जुना कर्नल निवडा. नव्याचा पूर्ण क्रमांक तिथेच लिहून घ्या.

लॅपटॉप उघडला की पहिले काम म्हणजे फोटो पेनड्राइव्हवर घेणे. मग इंटरनेट जोडून टर्मिनलमध्ये इंग्रजी लहान अक्षरांत या आज्ञा द्या:

सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए
सुडो ॲप्ट अपडेट
सुडो ॲप्ट इन्स्टॉल --रीइन्स्टॉल लिनक्स-इमेज-(पूर्ण क्रमांक) लिनक्स-मॉड्यूल्स-(पूर्ण क्रमांक)

नुसते ‘लिनक्स-जेनेरिक’ पुन्हा बसवून भागत नाही. ती फक्त चिठ्ठी आहे. खरा माल क्रमांकाच्या पॅकेजात असतो. लॅपटॉप परत सुरू करून ‘युनेम -आर’ लिहा. नवा क्रमांक दिसला की काम फत्ते.

खालांचे फोटो वाचले. आता अपडेट चालू असताना त्या कुणाला बटणाला हात लावू देत नाहीत.