तिची साक्ष

दिवाळी अंकात हा विषय कशाला, असं काही जणांनी विचारलं. भाऊबीजेला लेकी माहेरी येतात. सासरच्या छळाबद्दल तोंड उघडायचं झालं, तर बऱ्याचदा याच चार दिवसांत उघडतात. आणि तेव्हाच कुणीतरी हलक्या आवाजात सांगतं, ‘तिचं मनावर घेऊ नका, तिच्या गोळ्या चालू आहेत.’ चौकशी तिथेच संपते.

मानसिक आजाराच्या बदनामीचा सगळ्यात मोठा फायदा छळ करणाऱ्याला होतो, असं आमचं स्पष्ट मत आहे. वर्षानुवर्षांची मारहाण, टोमणे, धाक यांनी माणूस आतून खचतो. झोप उडते, छातीत धडधडतं, जगणं नकोसं होतं. मग हाच आजार तिच्याविरुद्ध पुरावा बनतो. डॉक्टरांची चिठ्ठी उद्या घटस्फोटाच्या अर्जाला जोडली जाईल, या भीतीने कित्येक जणी दवाखान्याची पायरीच चढत नाहीत. लहानपणी घरातल्याच माणसाने अत्याचार केलेल्या मुलांची, मुलग्यांचीसुद्धा, हीच गत होते.

खरं तर ज्याला मनोरुग्ण म्हटलं जातं त्यालाही प्रश्न समजत असेल आणि उत्तर देता येत असेल, तर त्याची साक्ष चालते, हे 1872 च्या पुरावा कायद्यातच होतं. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार पूर्वी उपचार घेतले एवढ्यावरून कुणाला आज आजारी ठरवता येत नाही. आणि आजार असला तरी सक्षम न्यायालयाने तसं ठरवल्याशिवाय बुद्धिभ्रष्ट म्हणता येत नाही. रुग्णाला साखळीने बांधायलाही हा कायदा मनाई करतो. 6 ऑगस्ट 2001 रोजी तमिळनाडूतल्या एरवाडीत आगीत 28 मनोरुग्ण गेले. ते साखळदंडांनी बांधलेले होते. त्यांनी आरडाओरडा केला असेल, तर तो रोजच्यापेक्षा वेगळा आहे हे कुणाच्या लक्षात आलं असेल का? हा प्रश्न आम्हाला अजून छळतो.

या अंकात काही जणींनी आपली हकिगत स्वतः लिहिली आहे. नावं छापलेली नाहीत. शुद्धलेखनापलीकडे आम्ही मजकुराला हात लावला नाही. दोन लेखांत घटनाक्रम मागेपुढे झालाय, तोही तसाच ठेवलाय. मार खाणाऱ्याला तारखा लक्षात राहत नाहीत.

वाचताना स्वतःचंच काही वर आलं, तर टेलि-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो. तिथे मराठीत बोलता येतं.