वेबसाइटचे पाणी कोणत्या मीटरवर?



आपल्या घरांतील मुले-मुली आता संगणक शिकून स्वतःचा व्यवसाय काढू लागली आहेत. कोणी शिकवणीचे व्हिडिओ दाखवणारी वेबसाइट काढतो, कोणी भागातील दहा-वीस दुकानदारांच्या वेबसाइट आपल्या सर्व्हरवर ठेवण्याचे काम घेतो. भांडवल असते आईच्या बचत गटाचे, नाहीतर वडिलांच्या फंडाचे. सर्व्हरचे भाडे किती, हे सगळेच विचारतात. पण सर्व्हरवरून लोकांकडे जो मजकूर आणि व्हिडिओ जातो, त्याचे पैसे कोणत्या मापाने लागतील, हे फार थोडे विचारतात. घर अडचणीत येते ते याच खर्चाने. म्हणून आज त्याचा हिशेब समजून घेऊ.

बँडविड्थ म्हणजे नळाची रुंदी. एका सेकंदाला किती माहिती वाहू शकते, ते तिच्यावरून कळते. ती मोजतात मेगाबिटमध्ये, म्हणजे एमबीपीएसमध्ये. प्रत्यक्ष वाहून गेलेले पाणी मात्र मोजतात गिगाबाइटमध्ये, म्हणजे जीबीमध्ये. बिट आणि बाइट यांत घोटाळा करू नये. आठ बिटांचा एक बाइट होतो. एक एमबीपीएसचा नळ ३० दिवस रात्रंदिवस पूर्ण सोडला, तर ३२४ जीबी माहिती जाते. हा आकडा वहीत लिहून ठेवा. कोणताही दर तपासायला तो उपयोगी पडेल.

कोणी म्हणेल, घरी काही शे रुपयांत महिनाभर इंटरनेट मिळते, मग सर्व्हरलाच एवढा खर्च का? घरची लाइन अनेक घरांत वाटलेली असते. सगळे एकाच वेळी नळ पूर्ण सोडणार नाहीत, हे धरूनच ती स्वस्त दिली जाते. तिथेही ‘अमर्याद’ या शब्दामागे मर्यादा असते. अनेक योजनांत ती महिन्याला ३,३०० जीबी ठेवलेली आढळते. सर्व्हरची लाइन मात्र चोवीस तास वाहती लागते, आणि तीही बाहेरच्या दिशेने.

या लाइनचे पैसे तीन तऱ्हेने घेतात.

पहिली तऱ्हा पाण्याच्या मीटरची. जेवढे जीबी गेले, तेवढे पैसे. ॲमेझॉनच्या क्लाउडचे मुंबईतील केंद्र २०१६ मध्ये सुरू झाले. तिथला २०२४ मधील दर पहिल्या १०० मोफत जीबीनंतर जीबीला ०.१०९३ डॉलर होता. समजा, तुमच्या वेबसाइटवर ३०० एमबीचे एक भाषण आहे आणि महिन्यात २,००० जणांनी ते पूर्ण पाहिले. ६०० जीबी गेले. डॉलर ८५ रुपये धरला तर साडेचार हजारांच्या वर बिल झाले, त्यावर जीएसटी वेगळा. आता तेच भाषण लोकांना आवडले आणि २०,००० जणांनी पाहिले, तर बिल सुमारे ५५,००० रुपये. वेबसाइट गाजली म्हणून आनंद करावा, तर महिन्याचा पगार पुरत नाही अशी गत.

दुसरी तऱ्हा गर्दीच्या मापाची. घाऊक लाइन घेणाऱ्यांना बहुधा हीच लागते. दर पाच मिनिटांनी नळाचा वेग नोंदवतात. ३० दिवसांत ८,६४० नोंदी होतात. त्यांतील सर्वांत मोठ्या पाच टक्के नोंदी, म्हणजे ४३२, सोडून देतात आणि उरलेल्यांत जी सर्वांत मोठी, तिच्यावर महिन्याचे बिल करतात. ४३२ नोंदी म्हणजे बरोबर ३६ तास. आपल्या एखाद्या मंडळाच्या वेबसाइटचे उदाहरण घ्या. एप्रिलभर तिथे एक एमबीपीएसही वापर नसतो. १४ तारखेला मात्र तो ५० एमबीपीएसवर जातो. ही गर्दी ३६ तासांच्या आत ओसरली, तर तिचे पैसे लागत नाहीत. तीच ४० तास टिकली, तर साऱ्या महिन्याचे बिल ५० एमबीपीएसचे! चार तासांनी एवढा फरक पडतो. शिवाय करारात किमान खरेदी लिहिलेली असते. १०० एमबीपीएस घेईन असे लिहून दिले आणि १० वापरले, तरी पैसे १०० चेच.

तिसरी तऱ्हा ठरलेल्या नळाची. अमुक रुंदीचा नळ, अमुक भाडे. कितीही वाहू द्या. गर्दी झाली तर वेबसाइट हळू चालते, पण बिल वाढत नाही.

हे दर असे का, तेही पाहू. आपल्याकडे विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली ती १९९८ च्या अखेरीस. त्याच १९९८ मध्ये अमेरिकेत घाऊक बँडविड्थचा भाव एका एमबीपीएसला महिना सुमारे १,२०० डॉलर होता. समुद्राखालून नव्या केबल पडल्या, स्पर्धा वाढली आणि २०१० पर्यंत तो पाच डॉलरच्या आसपास आला. आपल्याकडे मात्र पूर्वी एका कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडे जाणारी देशातलीच माहिती परदेशाला वळसा घालून येई. तो वळसा टाळण्यासाठी २००३ मध्ये निक्सी ही संस्था निघाली. तिच्या केंद्रांवर कंपन्या आपापल्या लाइन एकमेकींना जोडतात.

घाऊक भाव असा उतरला, तरी किरकोळ गिऱ्हाइकाला तो मिळत नाही. वर दिलेला जीबीचा दर ३२४ ने गुणून पाहा. एका पूर्ण वाहत्या एमबीपीएसला सुमारे ३५ डॉलर पडतात. २०१० च्या अमेरिकेतील घाऊक भावाच्या सातपट. मोठ्या कंपन्या त्यात इतर सोयी देतात, हे खरे. पण पोत्याने घेणाऱ्याला एक भाव आणि पावशेराने घेणाऱ्याला दुसरा, हा किराणा दुकानातला अनुभव इथेही आहेच.

मग लहान माणसाने काय करावे? ज्याचे उत्पन्न ठरलेले, त्याने बिलही ठरलेले घ्यावे. वेबसाइट तासभर हळू चालली तर लोक पुन्हा येतील. पन्नास हजारांचे बिल आले तर घराचे हप्ते थकतील. क्लाउडवर खर्चाचा इशारा देणारी सोय असते, पण इशारा म्हणजे नळ बंद होणे नव्हे, हे ध्यानात ठेवावे.

दुसरे, पाणीच कमी सांडावे. एक तासाचे भाषण ६४ केबीपीएसच्या ध्वनिफितीत ठेवले तर २९ एमबीत बसते. व्हिडिओच्या दहाव्या भागाएवढे. व्हिडिओच हवा असेल तर तो यूट्यूबवर ठेवून वेबसाइटवर फक्त दाखवावा. मग त्या वाहतुकीचा भार आपल्यावर येत नाही. छायाचित्रे लहान करून टाकावीत.

सही करण्याआधी विकणाऱ्याला चार प्रश्न विचारा आणि उत्तरे लेखी घ्या. माप जीबीचे, गर्दीचे की ठरलेल्या नळाचे? किमान खरेदी किती आणि करार किती महिन्यांचा? मर्यादा ओलांडली तर वेग कमी होणार, वेबसाइट बंद पडणार की बिल वाढणार? आणि एका महिन्यात जास्तीत जास्त बिल किती येऊ शकते?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर रुपयांच्या आकड्यात मिळत नसेल, तर त्या कागदावर सही करू नका. मुलगा-मुलगी हुशार आहे म्हणून आई-वडिलांनी गप्प बसू नये. घरातल्या नळाचे, विजेचे बिल तुम्ही आयुष्यभर तपासत आला आहात. हेही बिल तसेच आहे.